एक ते सात

पहाटे ४.४०

जानेवारीतली थंडी. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर कारखान्याकडे चालले आहेत. त्यांच्या मागून, अंतर राखून, तिची स्कूटर कोल्हापुरात शिरते.

पायाशी कापडी पिशवी आहे. तीस प्रश्नावल्या, दहा पुठ्ठ्याची पॅडं, डझनभर शिसपेन्सिली, खोडरबर, शार्पनर. पेन ती मुद्दाम आणत नाही. मेहनत करून आलेल्या पोरांच्या हाताला पाणी असतं, बोटांना तेल असतं. शाई पसरते. पेन्सिलीचं टोक मोडलं तरी आकडा वाचता येतो.

प्रश्नावली दोन कागदांची, पाठपोट. झेरॉक्सवाला पानाला एक रुपया घेतो. चार रुपये प्रश्नावलीचे, एक रुपया संमतीपत्राचा. एका मुलामागे पाच रुपये. तीनशे मुलं हवीत, अर्ध्याहून जास्त झालीत. पेट्रोल वेगळं. हे पैसे कुठून मिळत नाहीत. तिच्या पर्समधून जातात.

ती क्रीडा मानसशास्त्रात पीएच.डी. करते. विषय तालमीत राहणाऱ्या मुलांच्या प्रेरणेचा. पोरं एवढे कष्ट कशापायी काढतात, हे तिला मोजायचं आहे.

तालमीचं नाव मी लिहीत नाही. तिच्या वहीत या तालमीला 'त-४' म्हणतात. मुलांनाही नंबर आहेत. हा नियम तिने मला आधीच सांगितला होता. तो मला पटला, म्हणून मीही पाळतो.

पहाटे ५.००

दार बुटकं आहे. वाकूनच आत जावं लागतं. समोर मारुती. भिंतीवर शाहू महाराज. बाजूला खाशाबा जाधवांचा फोटो, त्याला कालचा हार.

दोन मुलं फावड्याने हौदा उकरतात. तांबडी माती. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मुरलेला. उकरली की वास वर येतो. मग जोर, बैठका, सपाट्या. पहिल्या दहा मिनिटांत उघड्या पाठींतून वाफ निघायला लागते.

ती आत येत नाही. दाराबाहेरच्या दगडी कट्ट्यावर बसते. हौद्याजवळ बाईमाणसाने जायचं नाही, ही इथली जुनी रीत. सांगलीत २०२३ साली पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, मुलींचे आखाडे उभे राहिले. तिथे ती मॅटच्या कडेला मांडी घालून बसते. इथे कट्ट्यावर. रीत चूक आहे असं माझं मत. पण ती इथे वाद घालायला येत नाही. मुलांपर्यंत पोचायला येते, आणि कट्ट्यावरून ती पोचली आहे.

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारते. दोन रकाने. वस्ताद मुलांना जे बोलतात त्याची एकेक काडी. "डावा पाय आत घाल, मग वड," ही काडी डावीकडे. "घरच्यांचं दूध फुकट घालवलंस," ही उजवीकडे. डावीकडच्या बोलण्यात काय करायचं ते कळतं. उजवीकडच्यात फक्त टोचणी असते. शिकवणारा कसा बोलतो यावर खेळातली गोडी टिकते की जाते, यावर जगभर बराच अभ्यास झालाय. तो वाचायला ग्रंथालय पुरतं. काड्या ओढायला मात्र पहाटे पाचला कट्ट्यावर बसावं लागतं.

सहा वाजेपर्यंत डावा रकाना भरून खाली आला आहे. उजव्यात सात काड्या. त्यातल्या चार एकाच मुलाच्या वाट्याच्या. त्याचा नंबर ती समासात लिहिते.

सकाळी ६.३५

लढती संपल्या. पोरं अंगावरची माती निपटत नळाकडे पळतात. कोपऱ्यात एकजण कुंडीत बदाम घोटतोय. रात्री भिजवलेले, सोललेले. त्यात खसखस, वेलची, वर दूध. खुराकाला महिन्याला बारा-तेरा हजार लागतात, असं तो सांगतो. तूप आणि गहू घरून येतात, ते धरले नाहीत. तो एकोणीस वर्षांचा आहे. घरी दीड एकर ऊस.

आता तिच्याकडे पंचवीस मिनिटं आहेत. त्यानंतर निम्मी पोरं शाळा-कॉलेजला जातील, निम्मी झोपतील. मेहनतीच्या आधी ती फॉर्म कधीच देत नाही. सगळीकडे हीच वेळ ठेवते. दमलेला मुलगा आणि ताजा मुलगा एकाच विधानाला वेगळा आकडा देतात, म्हणून दमणं तरी सगळ्यांचं सारखं हवं.

वस्ताद मुलांच्या मागे येऊन उभे राहतात. ती त्यांच्याकडे बघते.

"जातो की वो मॅडम. चा पिऊन येतो."

ते जातात. हे ठरलेलं आहे. एका तालमीत शिकवणारे मागे उभे राहिले होते, तर तिथल्या सगळ्या फॉर्मवर सातच सात. तो गठ्ठा तिने वेगळा बांधून ठेवलाय.

मग ती मुलांना सांगते. नाव लिहायचं नाही. बरोबर-चूक काही नाही. वस्ताद वाचणार नाहीत, घरचे वाचणार नाहीत. मध्येच उठून गेलात तरी चालेल.

अठरा विधानं. प्रत्येकाखाली एक ते सात आकडे. एक म्हणजे मला अजिबात लागू नाही, सात म्हणजे पूर्ण लागू. ही मोजपट्टी कॅनडातली. ल्यूक पेलेतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ती इंग्रजीत आणली तेव्हा विधानं २८ होती. २०१३ साली सुधारून १८ केली. मागे सिद्धांत एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांचा. खेळण्याची कारणं एका ओळीत मांडता येतात. एका टोकाला नवं शिकण्यातला आनंद. मग खेळ हाच माझा स्वभाव झाला म्हणून. मग त्यातून माझं काही घडतं म्हणून. मग सोडलं तर माझं मलाच खाईल म्हणून. मग लोक काय म्हणतील म्हणून. आणि दुसऱ्या टोकाला, का खेळतोय तेच आता कळत नाही. सहा प्रकार, प्रत्येकाची तीन विधानं, सरमिसळ करून छापलेली.

सातवीतला एक मुलगा ओळीखाली बोट धरून वाचतो. अडतो. ती त्याला वाचून दाखवते. प्रत्येक विधान एकाच आवाजात, एकाच वेगाने. हे सोपं नाही. लाजेबद्दलचं विधान वाचताना आवाज जरा खाली आला की मुलगा तेवढ्यावर आकडा बदलतो. मी सोबत बसून ऐकतोय. नवव्या विधानापर्यंत तिचा सूर तसूभर हललेला नाही.

"ताई, एकालाच सात द्यायचे, का सगळ्यांस्नी दिले तर चालतंय?"

"खरं असेल ते दे."

"मग सगळ्यांस्नीच."

तिने मान डोलावली. हसली नाही, समजावलं नाही.

भिंतीशी एक तेरा वर्षांचा मुलगा नुसता बसलाय. त्यालाही फॉर्म हवाय. पण अठराच्या आतल्यांना पालकांची सही लागते, आणि त्याच्या वडिलांकडे पाठवलेलं संमतीपत्र अजून परत आलेलं नाही. "सगळ्यांनी भरला की वो," तो म्हणतो. ती त्याला पेन्सिलींना टोक काढायचं काम देते. फॉर्म देत नाही.

सकाळी ७.४५

कोपऱ्यावरची चहाची गाडी. दोन चहा, वीस रुपये. ती ते फॉर्म चाळते. आज चौदा मिळाले. एकावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सात. कुस्तीत आनंद आहे, सात. का खेळतो कळत नाही, तेही सात. एकावर सहावं विधान कोरं. एकाने दोन आकड्यांच्या मधोमध गोल केलाय.

तिथल्या तिथे ती निर्णय लिहून ठेवते. मागाहून लक्षात राहत नाही. कोऱ्या जागी अंदाजाने काही भरायचं नाही. मधोमध गोल असेल तर तीही जागा कोरीच धरायची. सगळे सात असलेल्यावर लाल खूण. तो आत्ताच फेकायचा नाही. असे किती निघाले, हेही प्रबंधात सांगावं लागतं.

सकाळी ११.३६

घर, आंघोळ, डबा, पुन्हा स्कूटर. मधला वेळ असा गेला.

कॉलेजचा तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा, म्हणून वेळा अशा छत्तीस-चोवीसच्या. ती इथे तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवते. जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे. सुट्टी, परीक्षा, पेपर तपासणी यांचे नाहीत. चांगल्या महिन्यात पंधरा-सोळा हजारांचं बिल होतं. ते दरमहा हातात पडत नाही, तीन-चार महिन्यांचं एकदम निघतं. मस्टरवर ती सही करते, पुढे वेळ लिहिते, विषय लिहिते. एकही रकाना मोकळा सोडत नाही.

आज बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला डेसींचा १९७१ सालचा प्रयोग. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला मधल्या खेपेला सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर. दुसऱ्याला काही नाही. प्रत्येक खेपेत मध्ये आठ मिनिटं मोकळी ठेवली. कोडी सोडवा नाहीतर मासिकं चाळा. खरी मोजणी या आठ मिनिटांची. पैसे देणं थांबल्यावर, ज्यांना आधी मिळाले होते त्यांची कोड्यांतली रुची पहिल्यापेक्षा उतरलेली दिसली.

मागच्या बाकावरून एक मुलगा हात वर करतो. गावाकडचा, मोडलेल्या कानांवरून पैलवान कळतो.

"मॅडम, मग जत्रेतलं इनाम बंद करायचं का?"

चांगला प्रश्न आहे. ती फळा सोडून बाकांमध्ये येते. जत्रेच्या मैदानात लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लावतात. मग नारळावर, मग पन्नास-शंभरावर. एखाद्याने सुरेख डाव मारला तर लोक मातीत उतरून हातात नोट देतात. ती विचारते, ती नोट पोराला काय सांगते? तू छान खेळलास, हे सांगते की पुढच्या वेळी यासाठीच खेळ, हे सांगते? पहिलं कळलं तर गोडी वाढते. दुसरं कळलं तर उतरते. एकच नोट दोन मुलांना दोन गोष्टी सांगू शकते.

"आणि उपाशी पोराला?" तोच मुलगा.

"त्याला नोट लागतेच," ती म्हणते. "प्रयोगातली मुलं जेवून आली होती."

दुपारी १.१५

स्टाफरूमच्या टोकाचं टेबल. डबा एका हाताने, लॅपटॉप दुसऱ्या हाताने. एका ओळीत एक मुलगा. नंबर, वय, वजन, तालमीत किती वर्षं, मग अठरा आकडे. कोऱ्या जागी ९९. प्रत्येक फॉर्म ती दोनदा भरते, दोन वेगळ्या फाइलींत, आणि मग फाइली एकमेकींशी ताडते. फरक निघाला की कागद काढून बघायचा. आज एक निघाला. पाचाच्या जागी सहा पडला होता. दुरुस्त केला.

एका आकड्यासाठी एवढं कशाला, असं मी विचारलं नाही. सकाळी त्या मुलाने तो आकडा किती वेळ घेऊन गोल केला होता ते मी पाहिलं होतं.

दुपारी ३.१०

विद्यापीठ. झाडांखाली मोर फिरताहेत. मार्गदर्शकांच्या खोलीत पंखा बंद, खिडकी उघडी. टेबलावर तिचे छापील तक्ते.

अडचण एका प्रकारात आहे. 'माझं मलाच खाईल' म्हणून खेळणं. त्याची तीन विधानं एकाच गोष्टीबद्दल आहेत, तर मुलांचे आकडेही तिन्हींना साधारण एका दिशेने जायला हवेत. ते जातात की नाही हे क्रॉनबाकचा अल्फा सांगतो. ०.७० ही प्रचलित रेघ. बाकीचे पाच प्रकार रेघेच्या वर आहेत. हा खाली आहे. विधानं तीनच असली की अल्फा तसाही कमी येतो, पण एवढा नाही.

सर तक्ता उलटा-सुलटा बघतात. तिने आणखी एक गोष्ट शोधलीय. या प्रकारातलं एक विधान आपल्या सोबत्यांना सोडून, घरच्यांच्या नाराजीबद्दलच्या विधानाबरोबर चालतं. मोजपट्टीत ही दोन वेगळी खणं आहेत. स्वतःची बोचणी एकीकडे, दुसऱ्यांचा दाब दुसरीकडे. पण बापाने म्हैस विकून तालमीत ठेवलेल्या पोराची बोचणी कोणाची? त्याची की घराची? मला वाटतं, या प्रबंधाचा गाभा इथेच आहे.

"विधान काढून टाकलं तर अल्फा वर येईल, सर."

"येईल. मग आपल्याला काय कळेल?"

ती गप्प राहते.

"काढू नकोस. आलंय तसं मांड. मुलाखती वाढव."

मुलाखती वाढवायच्या म्हणजे काय, ते दोघांनाही माहीत आहे. ती डायरीत पुढचे तीन रविवार खोडते.

संध्याकाळी ५.२०

मैदानाच्या कडेला पंचविशीतला पैलवान तिची वाट बघतोय. पायात धावायचे बूट, गुडघ्याला पट्टा. वजन ब्याण्णव किलो. पोलीस भरतीची तयारी करतोय. मैदानी चाचणी पन्नास गुणांची. गोळाफेक १५, १०० मीटर १५, १६०० मीटर २०. गोळ्याची त्याला काळजी नाही. सोळाशे मीटरने जीव काढलाय.

"धा वर्सं वजन वाढवायला खाल्लं. आता तेच उतरवाय लागलोय."

ती रेकॉर्डर चालू करते. सुरुवातीलाच परवानगी विचारते, तीही रेकॉर्ड होते. मग प्रश्न. मोठे मोकळे प्रश्न, आणि त्यानंतर गप्प राहणं. त्याने थांबून विचार केला की ती मध्ये पडत नाही. एकदा बराच वेळ कुणी बोललं नाही. मला राहवेना. ती शांत होती.

त्याच्याकडे गदा आहेत, ढाली आहेत. गावोगावच्या मैदानांच्या. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याला मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. जत्रेतली गदा तिथे चालत नाही. ज्या वर्षी निवड चाचणी होती त्याच वर्षी गुडघा गेला.

"खाशाबा पण पोलिसातच लागले न्हवं," तो म्हणतो.

खरं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा. १९५२, हेलसिंकी, बँटमवेट, कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर सात हजारांना गहाण टाकलं होतं. पुढे १९५५ साली खाशाबा पोलिसात फौजदार झाले. कोल्हापूरच्या पोरांना हे सगळं पाठ असतं.

"कुस्ती सोडावीशी वाटली कधी?"

"रोज." मग बऱ्याच वेळाने, "पण सकाळी माती हाताला लागली की न्हाई वाटत."

ती वहीत वेळ लिहिते. सतरा मिनिटं, चाळीस सेकंद. एवढंच. चेहऱ्यावर काही येऊ देत नाही. पुढचा प्रश्न विचारते.

निघताना तिने त्याला चहा आणि दोन केळी दिली. मुलाखतीचे पैसे ती देत नाही. द्यायला नाहीत, आणि दिले तर उत्तरं बदलतात.

रात्री ८.३०

जेवण उरकून हेडफोन. मागच्या आठवड्यातली मुलाखत उतरवायची आहे. तासाभराच्या बोलण्याला तिला पाच तास लागतात. दहा सेकंद ऐकायचं, थांबवायचं, टंकायचं, मागे जायचं, पुन्हा ऐकायचं. हे रेकॉर्डिंग मैदानाच्या दिवशीचं. मागे हलगी कडाडतेय, लाऊडस्पीकरवर जोड्या पुकारल्या जाताहेत. मुलाचं बोलणं त्यातून वेचायचं.

तो जसं बोलला तसंच ती लिहिते. 'नव्हतं'च्या जागी 'न्हवतं'. हुंकार लिहिते. थांबला तर किती सेकंद, ते कंसात. हसला तर तेही. बोली पुस्तकी करून टाकली तर वाचायला सोपं जाईल, पण ते त्याचं बोलणं राहणार नाही. मराठीत खेळाडूंच्या तोंडचं असं किती थोडं जपलं गेलंय, हे मला तिच्या शेजारी बसून पहिल्यांदा जाणवलं. जिंकलेल्या कुस्त्यांच्या बातम्या आहेत. सकाळी उठावंसं का वाटलं नाही, हे कुणी लिहून घेतलेलं नाही.

सव्वा तासात पंधरा मिनिटं उतरून होतात. मान आखडते. ती उठून भिंतीला पाठ टेकते, पुन्हा बसते.

रात्री ९.५०

फोन वाजतो. अनोळखी नंबर. सकाळी पेन्सिलींना टोक काढत बसलेल्या मुलाचे वडील.

उसाला रात्रीचं पाणी द्यायला रानात आलेत, मोटार चालू आहे, म्हणून मोठ्याने बोलतात. संमतीपत्र मिळालंय. सही कुठं करायची ते कळलं नाही. ती सांगते. मग कागदावर लिहिलेलं सगळं तोंडी सांगते. नाव कुठे येणार नाही. मुलाला नको वाटलं तर तो केव्हाही थांबू शकतो. तुम्हाला नको असेल तर सही करू नका, त्याचं तालमीत काही बिघडणार नाही.

"ते ऱ्हाऊ दे ओ मॅडम. यातनं कळंल का, पोरगं पुढं जाईल का न्हाई?"

"नाही. ते यातून कळत नाही."

"मग काय कळतंय?"

"तो कुस्ती का करतो, ते."

पलीकडे मोटारीचा आवाज.

"का करतो म्हंजे? मी घातलाय म्हणून करतो."

"असेल. पण ते त्याला विचारायचंय."

ते थोडा वेळ बोलत नाहीत. ती मध्ये पडत नाही.

"त्यानं न्हाई म्हणून लिवलं, तर मला सांगशीला का?"

"नाही सांगता येणार. कुणाचंच कुणाला सांगत नाही."

"अस्सं." मग, "बरं. करतो सही. सकाळी दुधाच्या गाडीवाल्याजवळ देतो, तो गंगावेशीत येतोय. पोराला म्हणावं, घे जाऊन त्याच्याकडनं."

"तारीख पण घाला सहीखाली."

"आज कितवी?"

ती सांगते.